डावीकडे वळताना

माणसाच्या आयुष्यात एक क्षण असा येतो, जेव्हा सारं विश्व श्वास रोखून त्याच्या निर्णयाची वाट पाहत उभं राहतं. माझ्या बाबतीत हे विश्व म्हणजे जुन्या गाड्या विकणारा एक गृहस्थ होता, आणि तो श्वास वगैरे रोखून नव्हे, तर दाढेत अडकलेलं काहीतरी काडीनं उकरत उभा होता. "मग साहेब, काय करताय?" त्यानं काडी न काढताच विचारलं. मी म्हणालो, "विचार करतोय." "करा, करा," तो म्हणाला. "विचाराला कुठं पेट्रोल लागतं." समोर ती उभी होती. गडद निळी, दोनच दारांची, बुटकी, मागच्या काचेवर छोटासा पंख, आणि वास काढत निघालेल्या कुत्र्यासारखं नाक जमिनीजवळ नेलेली. तेवढ्याच पैशांत शेजारची पांढरी, चार दारांची, ऐसपैस डिकीची गाडी मिळत होती. त्या पांढऱ्या गाडीकडे बघितलं की आपण बऱ्याच दिवसांत रक्तदाब तपासला नाही, याची आठवण होई. दोन्ही गाड्या कुणीतरी वापरून सोडलेल्या, दोन्ही माझ्या ऐपतीतल्या. निळी घ्यावी असं वाटत होतं आणि पांढरी घ्यावी हे कळत होतं. इथवर काहीच विशेष नव्हतं. माझं सबंध आयुष्य या दोन क्रियापदांच्या मधल्या जागेत गेलं आहे. घोळ झाला तो आवाजामुळे.

मागच्या रविवारी मी ती निळी पहिल्यांदा चालवली. शेजारी गाडीवाला. सीट इतकं खाली की आपण गाडीत बसलो नसून ती अंगात घातली आहे असं वाटावं. स्टिअरिंगचं चामडं आधीच्या मालकाच्या तळव्यांनी दोन ठिकाणी गुळगुळीत केलेलं. पाय जरा दाबला तर ती अशी उचलली गेली की माझ्या पोटात, बऱ्याच वर्षांपूर्वी बंद पडलेलं कुठलंसं दुकान पुन्हा उघडलं. आणि पहिल्याच डाव्या वळणाला आवाज आला. टक. फार मोठा नाही. शेजारच्या खोलीत कुणीतरी कपाच्या कडेला नख लावावं तेवढाच. मग उजवं वळण: काही नाही. पुन्हा डावं: टक. "ऐकलंत?" मी विचारलं. "काय?" "आवाज." "इंजिनाचा ना? गातंय साहेब ते." "गाणं नाही. टक." गाडीवाल्यानं मान तिरकी केली, चेहरा श्रद्धाळू केला आणि तीन वळणं ऐकलं. मग म्हणाला, "साहेब, तुम्ही आवाज विकत घेताय का गाडी?" दुसऱ्या दिवशी मी ओळखीच्या मेकॅनिकला नेलं. त्यानं गाडी वर उचलली, चाकं हलवली, खालून ठोकलं, वरून ठोकलं, स्वतः डावीकडे गरागरा फिरवून आणली. "काही नाही," तो हात पुसत म्हणाला. "गाडी टकाटक आहे." मी त्याच्याकडे बघितलं. "म्हणजे चांगली आहे हो," तो म्हणाला. "तुम्हीच जरा कमी ऐका."

आता हे वाक्य दुसऱ्या कुणाला म्हटलं असतं तर त्यानं हसून सोडून दिलं असतं. पण माझा धंदाच ऐकण्याचा आहे. कान-नाक-घशाच्या एका दवाखान्यात मी लोकांचे कान तपासतो. माझ्याकडे एक काचेची खिडकी असलेली, आवाज न शिरणारी खोली आहे. आत माणूस कानांवर हेडफोन चढवून, हातात बटण घेऊन बसतो. बाहेर मी एकेक बारीक सूर सोडतो. ऐकू आला की त्यानं बटण दाबायचं. एवढंच. पण त्या खोलीत गेलं की भल्याभल्यांचं काय होतं ते मी रोज बघतो. शांतता इतकी असते की स्वतःच्या गिळण्याचा आवाज येतो, कॉलर मानेला घासल्याचा येतो, आणि थोड्या वेळानं जे नाहीच ते ऐकू यायला लागतं. मी काहीही सोडलेलं नसताना लोक बटण दाबतात. एक निवृत्त हेडमास्तर तर सतत दाबत बसले होते. पहिला नंबर यायलाच हवा, अशा चेहऱ्यानं. आम्ही याला हवेतलं बटण म्हणतो. इतकी वर्षं मी हवेतली बटणं ओळखत आलो, त्यांना मनातल्या मनात हसत आलो, आणि आता स्वतः एका निळ्या गाडीत बसून हवेत बटण दाबत होतो की काय, हे मला कळेना.

कारण हिशेब अगदी साधा होता आणि म्हणूनच नीच होता. गाडी चांगली असेल, तर तो आवाज माझ्या कानातला. कान चांगला असेल, तर गाडीत खोट आहे आणि ती घेता येत नाही. दोन्ही चांगलं असण्याची सोयच नव्हती. न्हाव्याला टक्कल असलं तरी चालतं, दातांच्या डॉक्टरची कवळी असली तरी लोक तोंड उघडतात, पण कान तपासणाऱ्याच्याच कानात टकटक होत असेल तर त्यानं लोकांना "आता ऐकू येतंय का?" हे कुठल्या तोंडानं विचारायचं? नोकरीची अजून काही वर्षं शिल्लक होती. त्या खोलीत स्वतः जाऊन बसलो असतो तर पाव तासात निकाल लागला असता. मी आठवडाभर तिच्याकडे बघायचंसुद्धा टाळलं. उलट मी घरातल्या बोळात डावीकडे वळून बघू लागलो. स्वयंपाकघरातून बाहेर येताना डावं वळण लागतं. तिथं मी मान पटकन वळवायचो आणि थांबायचो. बायकोनं दोन दिवस पाहिलं. तिसऱ्या दिवशी म्हणाली, "काय हरवलंय?" मी म्हणालो, "काही नाही." ती म्हणाली, "मग सापडलं की सांगा."

तिला मी आवाजाबद्दल सांगितलं, कानाबद्दल नाही. आवाजाची गोष्ट कळल्याबरोबर तिनं तिच्या भावाला फोन केला, आणि प्रश्न घराच्या हाती गेला. आमच्या घरात निर्णय घेण्याची एक पद्धत आहे. अण्णांनी, म्हणजे माझ्या वडिलांनी, ती चालवली, आणि त्यांना ती त्यांच्या वडिलांकडून आली. प्रश्न कुणाचाही असो, वयानं सगळ्यांत मोठा असेल त्यानं आधी बोलायचं, मग वयानुसार बाकीच्यांनी, आणि ज्याचा प्रश्न असेल त्यानं सगळ्यांत शेवटी. कल्पना अशी की त्याला सगळ्यांच्या शहाणपणाचा लाभ व्हावा. प्रत्यक्षात त्याची पाळी येईतो प्रश्न संपलेला असतो, आणि त्याला फक्त "बरं" म्हणायचं उरतं. मी शाळेत असताना मला वाकड्या हँडलची सायकल हवी होती, शर्यतीची, बारीक चाकांची. आधी अण्णा बोलले, मग काका, मग आई, मग आत्या. आणि माझी पाळी आली तेव्हा अंगणात कॅरिअर, स्टँड, चेनला झाकण आणि मागे लाल दिवा असलेली एक सायकल उभी होती, जिच्यावरून घरातला कुणीही सामान आणू शकत होता. मी "बरं" म्हणालो. तेव्हापासून मला जे जे मिळालं त्याला कुठं ना कुठं कॅरिअर होतंच. नोकरीला होतं, घराला होतं. निळ्या गाडीकडे मी पहिल्यांदा पाहिलं तेव्हा मला काय आवडलं असेल तर हे, की तिच्यावर काहीही ठेवायला जागा नव्हती.

घरच्या बैठकीत अण्णांनी सुरुवात केली. "गाडीला चार दारं असतात," ते म्हणाले आणि गप्प झाले. हे मत होतं की माहिती, हे कुणाला कळलं नाही. बायको म्हणाली, "मला रंग आवडला. पण आवाज करणारी वस्तू घरात एक पुरे." तिनं टीव्हीकडे बघितलं, जो अण्णांच्या सोयीनं लावलेला असल्यामुळे खालच्या मजल्यावरच्यांनाही नीट ऐकू जात होता. मग मेहुणा. मेहुण्यानं आजवर एकही गाडी घेतलेली नाही, आणि त्यामुळे त्याच्या ज्ञानाला कुठंही ओरखडा गेलेला नाही. "भाऊजी, स्पष्ट बोलू का?" तो म्हणाला. तो कधीच अस्पष्ट बोलत नाही. "असल्या गाड्या पोरं बडवून काढतात. वरून पॉलिश, आतून भुगा. आणि या वयात तुम्ही त्यातून उतरणार कसे? आधी हात बाहेर, मग गुडघा, मग देवाचं नाव." माझी पाळी आली. मी "बरं" म्हणायला तोंड उघडलं, आणि माझं मलाच आश्चर्य वाटलं, कारण मी म्हणालो, "रविवारी सगळ्यांनी चला. तुम्हाला आवाज येतो का बघू." मेहुणा म्हणाला, "आणि आला तर?" "तर नाही घेणार." "आणि नाही आला तर?" बायको माझ्याकडे जरा जास्त वेळ बघत राहिली.

इथं अण्णांच्या कानांबद्दल थोडं सांगायला हवं. अण्णा उमेदीची सगळी वर्षं एका छापखान्यात होते, आणि तीही यंत्रांच्या शेजारी, जिथं माणसं एकमेकांशी खुणांनी बोलत. घरी ते दाराची घंटा ऐकत नाहीत, फोन ऐकत नाहीत, माझ्या बायकोनं मागून मारलेली हाक ऐकत नाहीत. पण समोर बसून बोललं की शब्दन् शब्द पकडतात, आपण मनात ठेवलेलासुद्धा. दोन वर्षांपूर्वी मी त्यांना दवाखान्यात नेऊन तपासलं होतं. आमच्याकडे नियम आहे की आत बसणाऱ्याची खुर्ची आडवी ठेवायची, म्हणजे त्याला खिडकीतून तपासणाऱ्याचा हात, खांदा, चेहरा यातलं काही दिसता कामा नये. माणूस डोळ्यांनी किती ऐकतो याचा काही भरवसा नाही. पण वडिलांना भिंतीकडे तोंड करून बसवायचं हे काही मला जमलं नाही. लहानपणी पाढे चुकले की ते मला तसं बसवत, तो भाग वेगळा. मी खुर्ची सरळ खिडकीसमोर ठेवली. निकाल असा आला की मीच दोनदा बघितला. वयाच्या मानानं उत्तम नव्हे, कुठल्याही मानानं उत्तम. त्या दिवशी मी इतका खूश झालो की वाटेत अण्णांना चप्पल घेऊन दिली. तेव्हापासून कानाला लावायच्या यंत्राचं नाव काढलं की अण्णा म्हणतात, "माझ्या मुलानंच तपासलेत माझे कान." आणि घंटा, फोन, हाका यांचा अर्थ आम्ही असा लावला की अण्णांना ऐकू सगळं येतं, लक्ष द्यायचं नसतं.

तर आता रविवार होता, आणि गाडीवाल्यानं दाढेतली काडी शेवटी टाकून दिली होती, कारण त्याला एवढी माणसं अपेक्षित नव्हती. "सगळे बसणार?" त्यानं विचारलं. "तपासायचंय," मी म्हणालो. "वजन?" "आवाज." पुढचं सीट पाडून अण्णांना मागे बसवणं हे एक स्वतंत्र काम होतं. मेहुणा आतून ओढत होता, मी बाहेरून ढकलत होतो, बायको सूचना करत होती. शेवटी अण्णा एकदम आत पडले आणि टोपी सरळ करत म्हणाले, "पोहोचलो का?" गोदामांच्या मागे एक मोकळं मैदान होतं, तिथं मी गाडी नेली. सगळ्यांना समजावलं: मी डावीकडे गोल गोल फिरवणार, डोळे मिटा, आवाज आला की बोट वर करा, बोलू नका. अण्णा म्हणाले, "मी डोळे मिटणार नाही, मला गाडी लागते." मी ठीक म्हणालो. बोटं दिसावीत म्हणून मधला आरसा मागे वळवून घेतला. त्यात अण्णा बरोबर मधोमध आले, मेहुण्याचं अर्धं कपाळ आलं. बायको शेजारी होती. डोळे मिटून, हात मांडीवर ठेवून ती अशी शांत बसली होती की एकाएकी मला ती त्या खोलीत, काचेपलीकडे बसली आहे आणि मी सूर सोडायला विसरलो आहे, असं वाटलं.

मी फिरवू लागलो. मैदानातली धूळ, गोदामांच्या पत्र्याच्या भिंती, बंद दारं, भिंतीशी उभा केलेला हातगाडा, पुन्हा धूळ. टक. मी आरशात पाहिलं. अण्णांचं बोट वर. मेहुण्याचंही वर, पण ते आधीपासूनच वर होतं. पुन्हा वळण. टक. अण्णांचं बोट. मी मुद्दाम सरळ नेली, उजवीकडे वळवली, ब्रेक मारला. मेहुण्यानं प्रत्येक वेळी बोट वर केलं, हेडमास्तरांच्या वर्गातला. अण्णांनी एकदाही केलं नाही. डावीकडे: टक, बोट. टक, बोट. एकदा टक झालं नाही, आणि बोटही आलं नाही. माझ्या छातीवरून कुणीतरी पाय काढून घेतला. आवाज होता. बाहेर होता. दुसऱ्या माणसाला येत होता, तोही दोन वर्षांपूर्वी मी स्वतः तपासलेल्या कानांना. माझा कान शाबूत होता, म्हणजे नोकरी शाबूत होती, आणि निळी गाडी गेली होती. त्याच क्षणी मला इतकं वाईट वाटलं की मी आणखी दोन फेऱ्या विनाकारण मारल्या. एवढी हलकी, एवढी वळणारी, जरा बोट लावलं की ऐकणारी. कानाच्या बदल्यात ती द्यावी लागणार होती, हे पटत होतं, आणि तरी कुणीतरी आपल्याला पुन्हा कॅरिअर लावलं आहे, असं आतून सारखं वाटत होतं. मी गाडी थांबवली आणि इंजिन बंद केलं.

"मला काही ऐकू आलं नाही," बायको डोळे उघडून म्हणाली. मेहुणा म्हणाला, "मला सारखा येत होता. सगळी खिळखिळी आहे, भाऊजी." "तुझं सोड," मी म्हणालो. "अण्णा, तुमचे सगळे बरोबर आले. एकही चुकला नाही. म्हणजे आवाज आहे." अण्णा आरशातून माझ्याकडे बघत होते. "कसला आवाज?" ते म्हणाले. "ज्याच्यासाठी बोट वर करत होता तो." "मला रे कुठला आवाज येणार?" अण्णा म्हणाले. "मी तुझ्याकडे बघत होतो. आवाज आला की तुझा डावा डोळा बारीक होतो. आरशात स्वच्छ दिसतं."

इंजिन गरम होऊन थांबल्यावर करतं तसं कुठंतरी कटकट करत निवत होतं, आणि तो आवाज मात्र अण्णा सोडून सगळ्यांना येत असावा. "आणि दवाखान्यात?" मी विचारलं. हे मला विचारायचं नव्हतं. "तिथं काय, तू समोरच होतास," अण्णा म्हणाले. "सूर सोडायच्या आधी तू खालचा ओठ चावतोस. लहानपणी पाढ्यात अडलास की चावायचास तसा." "मग तेव्हाच का नाही सांगितलंत?" अण्णांनी टोपी काढली, आत काही लिहिलं आहे का बघितलं आणि पुन्हा घातली. "तू केवढा खूश झाला होतास," ते म्हणाले. "मला चप्पल घेऊन दिलीस."

मला चिडायचं होतं, आणि कुणावर चिडायचं ते सापडत नव्हतं. आठवडाभर मी साक्षीदार शोधत होतो, आणि साक्षीदार मिळाला तो असा, की त्यानं फक्त मलाच पाहिलं होतं. पुन्हा सगळं जिथल्या तिथं आलं होतं. कदाचित गाडी वाईट होती, कदाचित कान वाईट होता, आणि आता भरीला अण्णांचे कान नक्कीच वाईट होते, आणि ते मीच उत्तम ठरवले होते. छापखान्यात यंत्राच्या धडधडीत उभं राहून माणसं समोरच्याच्या तोंडाकडे बघत असतील, तसे अण्णा इतकी वर्षं घरात आमच्या तोंडाकडे बघत जगत होते, आणि ते दुर्लक्ष करतात असं आम्ही म्हणत होतो. बायको हळूच म्हणाली, "अहो, पण तुम्हाला येतो ना आवाज?" मी म्हणालो, "येतो. इथं येतो. घरी अजून आलेला नाही. तो गाडीत आहे की माझ्या कानात, ते मला माहीत नाही." "म्हणजे बोळात तुम्ही ते...," ती म्हणाली आणि थांबली. मग तिनं माझ्या गुडघ्यावर हात ठेवला, मेहुण्यासमोर कधी ठेवत नाही तसा. मेहुणा, आणि हे मी त्याच्या नावावर जमा करून ठेवलं आहे, काहीच बोलला नाही.

सगळे थांबले होते. माझ्या लक्षात आलं, की थांबले आहेत ते पद्धतीप्रमाणे. सगळ्यांत मोठ्याचं आधी बोलून झालं होतं, बाकीचे बोलून झाले होते, आणि आयुष्यात पहिल्यांदा माझी पाळी आली तेव्हा प्रश्न अजून जिवंत होता. पुढं काचेतून गाडीवाला दिसत होता; मैदानाच्या कडेला नवी काडी घेऊन उभा. स्टिअरिंगच्या दोन गुळगुळीत जागा माझ्या तळव्यांखाली होत्या. त्या कुणा पोरानं बडवून केल्या असतील तर असोत. मी आरशात बघितलं, म्हणजे अण्णांना माझं तोंड दिसेल, आणि सावकाश, एकेक शब्द ओठांनी नीट करत बोललो. "उद्या मी दवाखान्यातल्या डॉक्टरीणबाईंना सांगणार, आधी माझे कान तपासा. मग तुमचे, अण्णा. दोघांनीही भिंतीकडे तोंड करून बसायचं. निकाल काय लागायचा तो लागू दे. आणि ही गाडी मी घेतोय. आवाजासकट. मग तो कुणाचा का असेना."

इतकं मोठं वाक्य मी घरात कधी बोललो नव्हतो. ते गाडीच्या छताला लागून खाली आलं आणि आमच्या सगळ्यांवर पसरून राहिलं. बायकोनं नाक ओढलं. मेहुण्यानं घसा साफ केला. मी अण्णांच्या चेहऱ्याकडे बघत होतो. सायकलच्या वेळी अंगणात उभा राहून बघत होतो तसाच. अण्णांनी माझे ओठ पूर्ण थांबेपर्यंत वाट पाहिली, सगळं पोहोचलं अशी मान हलवली, आणि पुढे वाकून माझ्या खांद्यावर हात ठेवला.

"बरं," ते म्हणाले. "आता ते सीट पाड बाबा आधी. पायाला मुंग्या आल्यात."